तीसपैकी सतरा

"मॅडम, आईला डिमेन्शिया झालाय. तीसपैकी सतराच मार्क पडलेत." मुलगा औसा तालुक्यातला, हातात कुठल्याशा शिबिरातला कागद. शेजारी बहात्तरीची आई, पदर सावरून बसलेली. बघत होती माझ्या ओठांकडे. असे कागद घेऊन घाबरलेली माणसं माझ्याकडे नेहमीच येतात.

कागदावरची चाचणी होती एमएमएसई, म्हणजे स्मरण, लक्ष, भाषा तपासणारी तीस गुणांची प्रश्नावली, १९७५ सालची, अमेरिकेतली. गुण २४च्या खाली गेले की डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, शंका घ्यायची, असा रिवाज. पण त्यात वाचणं, लिहिणं आणि पंचकोन उतरवणं यांचे तीन गुण, शंभरातून सात-सात वजा करायचे पाच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचे हे आठ गुण बसल्याजागी गेले. (निरक्षर वृद्धांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला १९९५च्या सुमारास हिंदी चाचणी बेतली गेली, ती याचसाठी.)

तारखेचाही गुण कापला होता. मी विचारलं, "मावशी, आज तिथी कोणती?" उत्तर नाही. उठून कानाशी गेले.

"तेरस. परवाच एकादस धरली की. कामून इचारायलाव?"

म्हटलं, भेंडी वीस रुपये पावशेर, तर दीड किलो केवढ्याची?

"एकशेवीस." मग जरा थांबून, "पर एवढी भेंडी खायाला हाय कोण आता?"

मुलगा खाली बघायला लागला. दिवाळीत वडील गेले होते. तेव्हापासून आईला पहाटे तीनलाच जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय. म्हातारपणी नैराश्य आलं की लक्ष लागत नाही, आठवत नाही. वरवर ते डिमेन्शियासारखंच दिसतं.

मुलगा पुण्याला असतो, म्हणून फोन सुनेला लावला. वर्षापूर्वी जमायचं आणि आता जमत नाही, असं काय? रेशन, देवळाचा रस्ता, औषधं, सगळं ठीक. फक्त कुकर दोनदा करपला. शिट्टी ऐकूच आली नसेल का? असेलही.

उलटंही घडतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. शिकलासवरलेला माणूस २८ गुण घेऊन जातो आणि घराची गल्ली चुकतो. त्यामुळे कागद फाडून टाका, असं मी मुलाला म्हटलं नाही. कानाची तपासणी, बी-१२, थायरॉईड आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट लिहून दिली.

सहा महिन्यांनी मावशी कानात यंत्र घालून आल्या. झोप सुधारली होती. सांगितलेल्या तीन शब्दांपैकी दोन आठवले, तिसरा काही केल्या येईना. पुढची तारीख दिवाळीनंतरची दिलीय.