रत्नागिरीतली खोली आणि तुझे जलरंग

तुला रत्नागिरीत मित्रांसोबत खोली मिळाली, बरं झालं. भाडं, लाइटबिल, गॅस यांचा हिशेब पहिल्याच आठवड्यात वहीत मांडा आणि वही दाराजवळ टांगा. पैशांवरून चांगली मैत्री तुटताना मी पाहिली आहे.

मला खरी काळजी तुझ्या चित्रांची वाटते. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की कागद हातात मऊ लागतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात गादीखाली ठेवलेल्या अख्ख्या वहीवर बुरशीचे करडे ठिपके आले होते. तू कागद घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाक. शक्यतो ३०० जीएसएमचाच (म्हणजे जाड) कागद घे, तो पाण्याने कमी फुगतो. पहिला थर पूर्ण वाळू दे, घाई केलीस तर रंगांचा चिखल होतो. आणि खोलीतल्या दोरीवर मित्रांचे ओले कपडे असतील, त्याखाली चित्र ठेवू नकोस!

उघडीप मिळाली की थिबा पॅलेस गाठ. ब्रह्मदेशचा नजरकैदेतला राजा १९१० पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत तिथे राहिला. उतरती छपरं आणि लाकडी कमानी रेखाटायला सकाळचं ऊन उत्तम.

गणपतीत खोली रिकामी होते. रूममेटने गावी बोलावलं तर नक्की जा, आढेवेढे घेऊ नकोस. आदल्या दिवशीच पोच, म्हणजे मखर रंगवायला तुझा हात लागेल. रात्रीच्या भजनाला झांज हातात देतील, ती घे. ठेका दोन आरत्यांत जमतो.