पाळणाघराच्या खर्चाचे वाटे काढताना

तुझा ड्राफ्ट काल रात्री दोनदा वाचला. एचआरमधे नवीन असताना हा विषय हातात घेतलास त्याबद्दल आधी शाबासकी, आणि आता खटकलं ते सांगते. तू लिहिलंयस "महिला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघराचा अर्धा खर्च कंपनी देईल". त्यातला "महिला" हा शब्द काढ. आजच काढ.

ही चूक मी स्वतः केलीये रे. नोकरीला सहा-सात वर्षं झाली होती, अगदी अशीच पॉलिसी लिहिली, भांडून मंजूर करून घेतली, मुली येऊन थँक्यू म्हणून गेल्या. खर्च ज्या त्या डिपार्टमेंटच्या बजेटमधे पडायचा, ते तेव्हा मला महत्त्वाचं वाटलंच नाही. वर्षभराने इंटरव्ह्यूच्या फायली चाळताना दिसलं की काही मॅनेजर नुकतं लग्न झालेल्या मुलींना दुसऱ्या राउंडला बोलवतच नाहीयेत, तोंडाने कोणी काही बोलायचं नाही, कारण विचारलं तर "फिट नाही वाटली" एवढंच. ज्यांच्यासाठी केलं त्यांचंच दार बंद झालं आणि त्या कागदावर सही माझी होती. अजून मनाला लागून आहे ते.

चिलीमधे तर कायदाच असा आहे, एखाद्या कंपनीत २० किंवा जास्त बायका कामाला असल्या की त्यांच्या लहान मुलांच्या पाळणाघराचा खर्च मालकाने करायचा. विसावी बाई घेताना मालकाच्या डोक्यात काय येत असेल विचार कर. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा अशा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या बायकांचे सुरवातीचे पगारच कमी दिसले, म्हणजे कागदावर मालकाचा असलेला वाटा शेवटी आईनेच भरला.

म्हणून बापही धरायचे, आणि पैसा डिपार्टमेंटच्या नाही तर कंपनीच्या एकत्र खात्यातून जाऊ दे. घरातही हेच चालतं बघ, फी आईच्या पगारातून वजा करतात, काही उरत नाही म्हणतात आणि ती नोकरी सोडते. मूल दोघांचं ना? मग वजाबाकी दोघांच्या पगारातून करा. फी काही वर्षांची असते, पण मधे खंड पडला की गेलेलं प्रमोशन आणि पगारवाढ परत मिळत नाही.

आता तू विचारलंस की सरकारला यात ओढायचं कशाला, कंपनी आणि आईबाप मिळून भागवतील की. नाही भागत. तान्ह्या बाळांना सांभाळायचं तर एका बाईकडे तीन-चारच बाळं देता येतात, जास्त दिली तर बाळांचे हाल, त्यामुळे खर्चातला मोठा भाग पगारांवरच जातो आणि तो कमी करायचा म्हणजे त्या सांभाळणाऱ्या बाईचा पगार कापायचा, जो आधीच तुटपुंजा असतो. हे मला कधीच पटणार नाही. तुझ्या ड्राफ्टमधे "स्वस्तातलं सेंटर शोधू" असं एक वाक्य आहे, ते पण काढ प्लीज.

अमेरिकेत मिशिगन राज्याने २०२१ मधे ट्राय-शेअर नावाची योजना सुरू केली, तिचं डिझाइन नीट वाच. खर्चाचे तीन सारखे भाग, एक कर्मचाऱ्याचा, एक मालकाचा, एक राज्य सरकारचा. ज्यांचा पगार सरकारी मदत मिळण्याइतका कमी नाही आणि फी परवडण्याइतका जास्त पण नाही, अशा मधल्या लोकांसाठी ती काढली. आणि मधे एक संस्था असते, हब म्हणतात, ती तिघांचे पैसे गोळा करून थेट परवानाधारक पाळणाघराला देते. कर्मचाऱ्याचा वाटा पगारातूनच कापला जातो त्यामुळे छोट्या मालकाला वेगळी कटकट नाही आणि पाळणाघराला पैसे वेळेवर मिळतात. मला यातला हबच सगळ्यात आवडतो.

पैसा कुठल्या वाटेने जातो याला मी एवढं का धरून बसलेय ते नेदरलँड्सकडे बघितलंस की कळेल. तिथे २००५ च्या कायद्यात आईबाप, मालक आणि सरकार असे तीन वाटेकरी ठरले, मालकांचा वाटा आधी ऐच्छिक होता, २००७ पासून सगळ्या मालकांकडून सक्तीने घ्यायला लागले, म्हणजे कोणाकडे लहान मुलं असलेल्या किती बायका कामाला आहेत याचा प्रश्नच उरला नाही. ते चांगलं केलं. पण सरकारी मदत आधी आईबापाच्या हातात आगाऊ द्यायची आणि हिशोब नंतर करायचा अशी पद्धत होती, त्यात फॉर्ममधल्या बारीक चुकांवरून हजारो आईबापांना फसवणूक करणारे ठरवलं, पूर्ण रक्कम परत मागितली, कुटुंबंच्या कुटुंबं कर्जात बुडाली आणि जानेवारी २०२१ मधे सरकारला राजीनामा द्यावा लागला. त्यामुळे आईबापाच्या हातात आधी पैसे देऊन नंतर पावत्या मागणारं कलम मला तुझ्या कागदात दिसता कामा नये.

ट्राय-शेअरची एक कमजोरी मात्र आहे, कंपनी त्यात सामील असेल तरच फायदा, आणि नोकरी सुटली की मालकाचा वाटा पण सुटतो. म्हणजे पगार बंद होतो त्याच महिन्यात बाळाची जागा पण जाते, आणि बाळ सोडायला जागा नसेल तर ती किंवा तो नवीन नोकरीच्या इंटरव्ह्यूला जाणार कसे? तुझ्या ड्राफ्टमधे यावर एक ओळही नाही. नोकरी सुटल्यावर निदान तीन महिने कंपनीचा वाटा चालू राहील असं लिही, फायनान्सवाले आरडाओरडा करतील, करू देत, नवीन माणूस शोधायला आणि शिकवायला किती जातात तो आकडा त्यांच्याकडूनच मागून घे आणि शेजारी ठेव.

शुक्रवारपर्यंत बदल करून पाठव. मी त्या कलमापासूनच वाचायला घेईन.