पिटनपोल एअर कॅम्पर विमानाला फोर्डऐवजी शेवरोले कॉर्वेअर गाडीचं इंजिन बसवतोय, बॅटरी सीटमागे ठेवली तर चालेल का?

नका ठेवू. तुमचे मित्र म्हणतायत ना की गाडीचं इंजिन जड म्हणून बॅटरी मागे न्यायची, ते दुसऱ्या एखाद्या विमानाला लागू असेल, पण एअर कॅम्परचं दुखणं बहुतेक वेळा उलटंच असतं, शेपूट जड होते.

बर्नार्ड पिटनपोलने १९२९ च्या सुमाराला हे विमान फोर्ड मॉडेल ए इंजिन धरून काढलं. चार सिलेंडरचं लांबलचक बिडाचं धूड, वर रेडिएटर आणि त्यातलं पाणी. कॉर्वेअर सहा सिलेंडरचं असलं तरी फ्लॅट, एअरकूल्ड आणि आखूड, सगळं जोडून साधारण २२५ पौंड (खुद्द पिटनपोलने साठच्या दशकात कॉर्वेअर लावून उडवलंय, त्यामुळे हा काही जुगाड नाही). म्हणजे वजन कमी आणि ते फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधली आडवी भिंत) जवळ पण. त्यात एकटा पायलट बसतो मागच्या कॉकपिटमध्ये, सीजीच्या (विमानाचा गुरुत्वमध्य) चांगलाच मागे, आणि आपल्यापैकी बरेच जण काही शिडशिडीत नाही.

आता हिशोब, पौंड आणि इंचातच करतो कारण ड्रॉइंग तशीच आहेत. आकडे फक्त समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही मोजून घ्या. समजा फायरवॉल सीजीच्या २५ इंच पुढे, सीटमागची जागा ५० इंच मागे आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरी १५ पौंडाची. पुढून उचलून मागे नेली की ७५ गुणिले १५, म्हणजे ११२५ इंच-पौंडांचा फरक. त्याला २२५ ने भागा, ५ येतात. म्हणजे एवढीशी बॅटरी सीटमागे टाकणं आणि अख्खं इंजिन पाच इंच मागे ओढणं सारखंच झालं!! लोक इंजिन माउंट (इंजिन धरणारी चौकट) एकेक इंच लांब करायला धडपडतात आणि मग असं घालवून बसतात.

लिथियमचंही तेच. चार पौंडाची मिळते, भारी वाटतं, पण नाकातून ११ पौंड गेले की २५ इंचावर २७५ इंच-पौंड गेले, मग ते भरून काढायला शिसं बांधणार का? माझं मत स्पष्ट आहे, या विमानात साधी जड बॅटरी घ्या, फायरवॉलच्या केबिनकडच्या बाजूला, एक्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब. बॅलास्टचं (तोल साधायला लावलेलं वजन) बॅलास्ट आणि वर इंजिन पण स्टार्ट करते.

पुढे ठेवल्याचा अजून एक फायदा म्हणजे केबल आखूड राहते. दोन नंबरची (2 AWG) तांब्याची तार फुटाला जवळपास पाव पौंड भरते, लाकडी विमानात ग्राउंडची पण वेगळी ओढावी लागते, आणि जाऊन-येऊन २० फूट झाली तर २०० अँपिअरला अर्ध्या व्होल्टच्या वर तिथेच जातो. कॉर्वेअरला मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्पार्क देणारं यंत्र) नाही, स्पार्क बॅटरीवरच, त्यामुळे वायरिंगमध्ये कंजूषपणा नको. मास्टर कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा-तोडणारा मुख्य रिले) बॅटरीला चिकटूनच लावा. ट्रे मजबूत करा, ९ जी (आदळताना वजनाच्या नऊपट जोर) धरलं तर १५ पौंडाचे १३५ होतात, मी तर दुप्पट धरतो कारण समोर पॅसेंजरचे पाय असतात.

पण बॅटरीने सगळं सुटेल असं समजू नका हां. खरा उपाय माउंटची लांबी, ती वेल्डिंगच्या आधीच ठरवा, आणि मग पंख, कॅबेन स्ट्रट (पंख धडाच्या वर धरणाऱ्या दांड्या) मागे कलवून तीन-चार इंच मागे नेतात, पिटनपोलवाल्यांची ही जुनीच युक्ती आहे. टाकी नाकात असेल तर पेट्रोल संपेल तसा सीजी मागे सरकतो, म्हणून हिशोब रिकाम्या टाकीचाही करा, तुमच्या सगळ्यात जाड मित्राला मागच्या सीटवर धरून. नाक थोडं जड असलं तर उतरताना स्टिक जास्त ओढावी लागेल, शेपूट जड असली तर स्टॉल-स्पिनमधून (पंखाची उचल तुटून विमान गरगरत खाली येणं) बाहेर येणंच अवघड होतं.

बॅटरीचा ट्रे शेवटी फिक्स करा, प्रॉप, काउलिंग (इंजिनावरचं झाकण), तेल सगळं घालून तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून वजन झाल्यावर. तोपर्यंत नुसता क्लॅम्पने धरून ठेवा.