पडीक वरकसावरची रानमोडी

प्रश्न : पोलादपूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. वर वरकस, म्हणजे नाचणी-वरीची उताराची हलकी जमीन, खाली भाताची खाचरं. आजोबांनंतर कोणी कसली नाही. तिथे पुन्हा रान वाढू द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलं, गुरं बंद केली, रोपंही लावली. पण घाणेरी आणि रानमोडीने सगळं गिळलंय. ताई, जेसीबी लावून एकदाच साफ करावं की तणनाशक मारावं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : जेसीबी आणू नका, हात जोडून सांगते. या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. उकरलेली माती आणि मोकळं ऊन मिळालं की फोफावतात. यंत्र फिरवलंत तर त्यांना आयतं रान मिळेल, आणि वरकसातली खरी संपत्ती जाईल.

ती कुठली, सांगते. नाचणी-वरी करणारी माणसं राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, ऐन, किंजळ या झाडांच्या फांद्या खांडत, पण बुंधा ठेवत. ते बुंधे कितीदा अजून जिवंत असतात. घाणेरीच्या जाळीत कोयत्याने वाट करून आत बसा आणि नीट बघा. उजेडासाठी एका बाजूला वाकलेले, बोटभर जाडीचे फुटवे दिसतील. पान उलटं करून देठाजवळच्या शिरेवर बोट फिरवा. बारीक गाठी लागल्या तर बहुधा ऐन किंवा किंजळच. प्रत्येक फुटव्याला रंगीत चिंधी बांधा. तुम्ही लावलेल्या रोपांच्या आधी हे वर येतील, कारण यांचं मूळ खोल गेलेलं आहे. तणनाशकाने हेच मरतील, शिवाय वरचं पाणी खाचरांतून ओढ्यालाच जातं.

सुरुवात जिथे तण विरळ आहे तिथून करा. दाट जाळी शेवटी. बुलबुल, सातभाई, ससे यांचा सध्या तोच आसरा आहे. रानमोडी नवरात्राच्या सुमारास उपटा, माती ओली असते आणि फुलं यायची असतात. नुसती छाटलीत तर बुडातून दाट फुटेल. घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांची पद्धत वापरा : मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटीमीटरवर टिकावाने तोडायचं आणि ठोंब उलटा टाकायचा. आमच्याकडे मी ते कातळावर मुळं वर करून वाळवते, ओल्या मातीवर पडलेली फांदीही रुजते. पहिल्या पावसानंतर पक्षी बसतात त्या झाडांखाली फिरा. घाणेरीची इवली रोपं तेव्हा दोन बोटांनी निघतात.

मोकळ्या झालेल्या जागेत लगेच पांगाऱ्याच्या फांद्या रोवा, चांदाड्याची झाडं आपोआप येतील ती येऊ द्या. सावलीसाठी गिरिपुष्प कोणी सुचवलं तर ऐकू नका. ते परदेशी झाड एकदा पसरलं की आवरत नाही.

वणव्याला मात्र जपा. वाळलेली रानमोडी भडभड पेटते आणि आगीनंतर बुडातून तीच आधी फुटते. होळीच्या आत हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत काढलेला पट्टा, हवीच.

खाचरांत झाडं लावू नका. बांध दुरुस्त करून पाणी धरू द्या. अशा ओलीत भादव्यात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. रानमोडी तिथे फारशी टिकत नाही, ती बांधांवर चढते, तेवढी उपटा. बी झडल्यावर गवत शेजाऱ्यांना कापून नेऊ द्या. त्यांची गुरं तुम्ही बंद केलीत, तेव्हा हा चारा त्यांचाच आहे, आणि तुम्ही मुंबईत असताना धूर आधी दिसेल तो त्यांनाच.