आधी माती चाळायला ये

प्रिय पोरा,

काल तुझ्या आईचा फोन आला. दुखऱ्या गुडघ्याला डॉक्टरांनी हलका सराव सांगून महिना झाला, तरी तू तालमीकडे फिरकत नाहीस म्हणे. ज्यांना तू डाव शिकवलेस त्या पोरांसमोर पहिल्यापासून सुरुवात करायची लाज वाटते, असं तिला बोललास. म्हणून हे पत्र.

तेरुनोफुजी हे नाव तू ऐकलं नसशील. मंगोलियातून शाळकरी वयात जपानला गेलेला सुमो पैलवान, 192 सेंटिमीटर उंच. मे 2015 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, पहिल्या विभागाचं विजेतेपद मारलं आणि ओझेकी झाला. सुमोतलं सर्वोच्च पद योकोझुना, ओझेकी म्हणजे त्याच्या खालचीच पायरी. समोरच्याला आत येऊ द्यायचा, त्याचे दोन्ही हात बाहेरून आवळायचे आणि रिंगणाबाहेर काढायचं, हा त्याचा खाक्या. सगळा भार गुडघ्यांवर. तुझंही तेच होतं आणि मी घसा फोडून सांगत होतो, असो.

गुडघे गेले, वर मधुमेह. सुमोत दुखापतीला माफी नाही. उतरला नाहीस तर लढती हरल्यात जमा, क्रमवारी खाली. 2017 मध्ये ओझेकीपद गेलं, 2018 मध्ये ऑपरेशन झालं, आणि मार्च 2019 च्या ओसाका स्पर्धेत गडी जोनिदानमध्ये उतरला. सहा विभागांतला हा खालून दुसरा. ओझेकी राहिलेला कुणी इतका खाली आलाच नव्हता.

जोनिदानमध्ये पगार नाही. रेशमी मावाशी, म्हणजे सुमोचा लंगोट, सोडून काळी सुती नेसायची. थंडीतही अंगावर पातळ सुती युकाता, पायात लाकडी खडावा. लढत सकाळची, खुर्च्या रिकाम्या असतानाची; टीव्हीवर झळकणारे पैलवान दुपारनंतर येतात. आणि समोर मिसरूड फुटलेली पोरं.

त्याआधी तो वस्तादांकडे कितीदा तरी निवृत्ती मागायला गेला होता. इसेगाहामा तालमीचे तेव्हाचे वस्ताद, एकेकाळचे योकोझुना असाहिफुजी. त्यांनी सोडलं नाही. आधी तब्येत सुधार, मग बोलू, एवढंच.

ओसाकात त्याने सातही लढती जिंकल्या. बरोबरीत आलेल्या गड्याशी विजेतेपदाची जादा लढत झाली, तीत मात्र एका नवख्या पोराने त्याला हरवलं. लोक त्याची पुढची विजेतेपदं सांगतात, मला ही हार जास्त आवडते. ज्या गोष्टीला तू घाबरतोस तीच झाली, आणि पुढच्या स्पर्धेला तो परत हजर.

जुलै 2020 मध्ये तो पहिल्या विभागात परतला. क्रमवारीच्या अगदी शेपटीला असताना 13 जिंकून, 2 हरून विजेता ठरला. वर्षभराने 73 वा योकोझुना. जानेवारी 2025 मध्ये थांबला तेव्हा नावावर 10 विजेतेपदं होती. गुडघे मात्र बरे झाले नाहीत बरं का. शेवटपर्यंत दोन्हींवर जाड पट्ट्या असायच्या. तुझा डॉक्टर तर तुझा गुडघा बरा होईल म्हणतोय.

सोमवारी पाचला ये. जोड लावायची नाही, बैठकाही नाहीत. हौद्यासाठी नवी माती आलीय, ताक-लिंबू घालण्याआधी चाळायची आहे. खुर्ची टाकून ठेवतो. चाळण कुठे असते ते तुला माहीतच आहे.

तुझा,
वस्ताद