पुस्तक उघडलं की तो पळतो

"मॅडम, रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन बसते. दुसऱ्या पानाला हा उठतो, तिसऱ्या पानाला खोलीबाहेर. उरलेली गोष्ट मी एकटीच वाचते. आणि हाच मुलगा मोबाइलवर गोष्ट लावली की अर्धा तास जागचा हलत नाही. मग पुस्तकाचंच काय वावडं आहे याला?"

मुलगा सव्वातीन वर्षांचा. घर पुण्यातलं. बाबा रात्री नऊनंतर येतात. आजी लातूरकडची, नातवाला सांभाळायला येऊन राहिलेली. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) शाळेने 'घरी पुस्तकं वाचून दाखवा' असं सांगितल्यावर आईने हौसेने पंधरा-सोळा पुस्तकं आणली, बहुतेक इंग्रजी. दोन महिन्यांनी त्यातली बरीचशी कपाटावर गेली होती आणि आईच्या मनात भीती बसली होती, की याचं लक्षच लागत नाही, पुढे अभ्यासाचं कसं होणार.

अशा वेळी पुस्तकाकडे वळायच्या आधी काही गोष्टी पाहाव्या लागतात. हाक मारली की मूल वळतं का? मागून हलक्या आवाजात बोललं तरी वळतं का? आवडलेली गोष्ट बोटाने दाखवून 'तूही बघ' असं सुचवतं का? आपण बोट दाखवलं तर बोटाकडे न बघता त्या दिशेला बघतं का? दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं घरच्यांनाही उमगत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर पुस्तकाचा विषय बाजूला ठेवायचा. आधी कानांची तपासणी करायची आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे ही तपासणी मोफत होते.

या मुलाच्या बाबतीत असं काहीच नव्हतं. तो खिडकीपाशी उभा राहून समोरच्या बांधकामावरचा जेसीबी दाखवत होता आणि आईचा हात ओढत म्हणत होता, "ते बघ, माती खाल्ली!" जेसीबी माती खाताना ज्याला दिसतो, त्याला गोष्टींचं वावडं असेल कसं?

आईला एकच काम दिलं. चित्रण सुरू करून फोन कपाटावर टेकवून ठेवायचा आणि नेहमीसारखं वाचायचं. आठवड्यात तीनदा. काही सुधारून दाखवायचं नाही.

त्या चित्रणात अडचणी एकेक करून दिसायला लागल्या. वाचनाची वेळ साडेचारची, म्हणजे मूल शाळेतून येऊन झोपून उठलेलं आणि भुकेलेलं. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू. आई सोफ्यावर, मूल समोर जमिनीवर, पुस्तक आईच्या मांडीवर. म्हणजे मुलाला प्रत्येक चित्र उलटं दिसत होतं! हे फार घरांत घडतं, आणि वाचणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण त्याच्या बाजूने पान सरळच असतं.

पुस्तकही वयाला जड होतं. पानाला सहा-सात ओळी. सव्वातीन वर्षांच्या मुलाला पानामागे एक-दोन वाक्यं पुरतात. सहा-सात ओळींचं पान हे पाच-सहा वर्षांच्या मुलाचं. त्यात आई आधी इंग्रजी ओळ वाचायची, मग तिचा मराठी अर्थ सांगायची, मग पुढची ओळ. अशाने दोन्ही भाषांचा ठेका मोडतो आणि गोष्ट जागच्या जागी अडखळते. चित्रातलं बदक मुलाने दोन सेकंदांत बघून घेतलेलं असतं, आणि पान उलटायला दीड मिनिट लागतं.

पण सगळ्यात मोठी अडचण प्रश्नांची होती. 'हे काय आहे? कलर कोणता? किती डक्स आहेत? काउंट कर. मग असं काय करतो, काल सांगितलं होतंस ना?' मूल उत्तर द्यायला तोंड उघडायच्या आत आई स्वतःच उत्तर द्यायची किंवा पुढचा प्रश्न टाकायची. एकदा मुलाने चित्राच्या कोपऱ्यातल्या मुंगीवर बोट ठेवलं. आई म्हणाली, "ते नाही रे, इकडे बघ, डक बघ." त्यानंतर अर्ध्या मिनिटात तो उठला.

हे चित्रण आईसोबत बसून पाहिलं. मुंगीच्या जागी ती स्वतःच थांबली. म्हणाली, "तो काहीतरी सांगत होता ना?"

होय. आणि मोबाइलचं कोडंही इथेच सुटतं. पडद्यावरची गोष्ट मुलाला काही विचारत नाही आणि त्याच्यासाठी थांबतही नाही. दर काही सेकंदांनी चित्र बदलतं आणि नजर खिळून राहते. त्या खिळलेल्या नजरेला आपण एकाग्रता म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे, त्याहून कमी तर बरंच. बसून घालवायच्या वेळेत मोठ्यांसोबत पुस्तक वाचावं, गोष्ट ऐकावी, असंही त्याच मार्गदर्शनात म्हटलं आहे.

मोठ्यांनी कसं वाचावं याचा एक जुना अभ्यास इथे उपयोगी पडतो. 1988 मध्ये अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांचे दोन गट केले. दोन्ही गट मुलांना साधारण सारख्याच वेळा वाचून दाखवत होते. फरक इतकाच, की एका गटाला मुलाला बोलू द्यायचं, त्याचं वाक्य थोडं वाढवून परत द्यायचं, असं शिकवलं होतं. महिन्याभरात या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली.

या घरात बदल पुढीलप्रमाणे सुरू केले. वेळ संध्याकाळी साडेसहाची, खाणं झाल्यावर, टीव्ही बंद. मूल कुशीत किंवा अर्धं मांडीवर, पुस्तक त्याच्या नजरेच्या उंचीला, उजेड मागून. पान मुलानेच उलटायचं. पातळ पानं लहान बोटांना सुटत नाहीत, दोन-तीन एकदम येतात आणि चिडचिड होते, म्हणून प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्याला पुठ्ठ्याचा नखाएवढा तुकडा चिकटवला. त्याने पानांत फट राहते. पंधरा पुस्तकांतली चारच बाहेर ठेवली, तीही कण्याकडून उभी न लावता मुखपृष्ठ दिसेल अशी, खालच्या फळीवर. वेळेचं बंधन पाच मिनिटं. मूल उठलं की पुस्तक मिटायचं, ओढून बसवायचं नाही, आणि तो परत आला तर उघडायचं.

प्रश्नांच्या बाबतीत आईला एक सवय सोडायची होती आणि एक लावायची होती. पहिला आठवडा एकही प्रश्न नाही. चित्राबद्दल एक वाक्य बोलायचं, 'अगंबाई, याची टोपी उडाली!', आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजत गप्प राहायचं. पाच आकडे ऐकायला सोपे वाटतात, पण सवय नसलेल्या माणसाला तिसऱ्या आकड्यालाच बोलावंसं वाटतं. मूल काही म्हणालं, अगदी 'भूभू पाणी' एवढंच, तर तेच उचलून थोडं भरून परत द्यायचं: 'हो, भूभू पाणी पितोय. जिभेने लपलप पितोय.' चुकलं तर 'असं नाही म्हणायचं' हे नको, बरोबर रूप आपल्या तोंडून जाऊ द्यायचं. त्याचं बोट जिथे जाईल तिथे आपलं बोलणं न्यायचं. मुंगी तर मुंगी.

प्रश्न दुसऱ्या आठवड्यापासून, तेही मोकळे: 'इथे काय गडबड झाली असेल?', 'आपण पावसात भिजलो तेव्हा काय केलं होतं?' उत्तर आधीच आपल्याला ठाऊक आहे असा प्रश्न मुलाला लगेच कळतो. तो परीक्षेचाच वाटतो.

आणि भाषा? इथे आई अडली. "मराठी वाचलं तर शाळेत मागे नाही का पडणार? आणि आई तर..." तिने सासूबाईंकडे पाहिलं. आजींची बोली लातूरची. करायलंय, प्यायलंय, जायलाय, म्हणजे करतंय, पितंय, जातोय. शिक्षण चौथीपर्यंत, चष्मा असूनही बारीक अक्षर दिसत नाही. 'मला कुठं वाचता येतंय' म्हणत त्या पुस्तकापासून लांबच राहायच्या, आणि घरात तेच सोयीचं मानलं गेलं होतं. त्यांची बोली नातवाला लागेल ही काळजी कोणी बोललं नव्हतं, पण होती.

खरं म्हणजे या घरात चित्रपुस्तकाची सर्वांत चांगली वाचक आजीच होत्या. वाचायला न येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या अभ्यासांत दिसतं, की पुस्तक वाचून दाखवताना मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रच बघतात, अक्षरांकडे क्वचित. म्हणजे नातवाला जे पान दिसतं तेच आजींना दिसत होतं. त्यांच्या हातात शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं पुस्तक दिलं. त्या थोडं लाजल्या, मग सुरू झाल्या: "बघ लेकरा, कुत्रं पाणी प्यायलंय. तहान लागलीय त्याला. उन्हातनं आलंय ना."

"कुठून आलं?" नातवाने विचारलं.

"वावरातनं आलं असंल."

"वावर म्हणजे?"

पुढची सहा-सात मिनिटं वावर, औत, बांध, विहीर. पुस्तक त्याच पानावर उघडं. कोणी कोणाला 'काउंट कर' म्हणालं नाही आणि मूल हललं नाही.

बोलीने भाषा बिघडत नाही. मुलं कोण कसं बोलतं हे नीट वेगळं ठेवतात. आजीशी एक, शाळेत दुसरी. ज्या भाषेत मोठ्या माणसाला सहज चार वाक्यं जास्त सुचतात, त्या भाषेत मुलाला जास्त शब्द मिळतात, आणि शब्द, गोष्टीचा क्रम, 'म्हणून'-'पण'-'तोपर्यंत' ही जोडणी एका भाषेत पक्की झाली की दुसरीत वापरता येते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे. इंग्रजी पुस्तकं टाकून द्यायची नाहीत. आईने ती वाचावीत, पण पूर्ण इंग्रजीत, ठेक्यात, मध्ये भाषांतर न करता. आजींनी मराठीत. एका बैठकीला एकच भाषा.

मराठी पुस्तकांची वानवा आहे ही तक्रार आता तितकीशी खरी नाही. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची चित्रपुस्तकं मिळतात. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या 2015 पासूनच्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत आहेत आणि छापूनही घेता येतात. पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी, मूल हुशार आहे म्हणून वर उडी नको.

पहिला आठवडा आईला निराश करणारा गेला. मूल तीनदा उठून गेलं, एकदा पुस्तक फेकलं. दुसऱ्या आठवड्यात पाहुणे आले आणि चार दिवस काहीच झालं नाही. हे होणारच. मोडलेला दिवस दुसऱ्या दिवशी 'भरून काढायला' वीस मिनिटं बसवलं की घडी पुन्हा विस्कटते, म्हणून तिथे फक्त पाच मिनिटांवर परत यायचं. तिसऱ्या आठवड्यात नवीन तक्रार आली: "आता रोज तेच पुस्तक. चौदा वेळा वाचलं. कंटाळा आला मला."

ही तक्रार ऐकून बरं वाटतं. पहिल्या वाचनात मूल चित्रं बघतं, पुढच्या काही वाचनांत काय घडतं ते जुळवतं, आणि त्यानंतरच शब्द त्याचे होऊ लागतात. पुढे काय येणार हे माहीत असणं हेच त्याचं सुख असतं. अशा वेळी वाक्याचा शेवटचा शब्द सोडून थांबावं: 'आणि मग हत्ती पडला...' मूल 'धपाक्' म्हणतं. पुढे अर्धं वाक्य सोडावं. कंटाळा मोठ्यांचा असतो, आणि तो वाटून घेता येतो. इथे बाबांना रविवार सकाळ दिली. त्यांनी सगळ्या प्राण्यांना एकच आवाज काढला, तरी चाललं.

राहिला जेसीबी. बाबांनी बांधकामाचे सात फोटो काढले आणि घरीच पुस्तक केलं. ए-फोर आकाराचे कार्डशीटचे चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले, की सोळा पानं होतात. दुमडीवर दाभणाने तीन भोकं पाडली. गोधडीचा जाड दोरा मधल्या भोकातून सुरू करून वर, खाली आणि परत मध्ये आणला आणि गाठ बाहेरच्या बाजूला मारली. फोटो फक्त उजव्या पानांवर लावले, डावं पान मुलाला चितारायला मोकळं. डिंकाने कागद ओला होऊन फुगतो, म्हणून गोंदाची कांडी वापरली. प्रत्येक फोटोखाली मुलाचंच वाक्य, तो म्हणाला तसं: 'जेसीबीने माती खाल्ली.' 'आता त्याचं पोट भरलं.'

दीड महिन्यानंतरच्या भेटीत मूल सलग बसत होतं ते सात-आठ मिनिटं. लांब पुस्तकातून अजूनही उठत होतं, आणि आईला त्याची चिंता वाटेनाशी झाली होती. तिचा प्रश्न आता निराळा होता: "अक्षरं दाखवायला सुरुवात करू का?"

पुस्तकाच्या नावाखालून एकदा बोट फिरवा, बाकी पानं चित्रांसाठी ठेवा आणि त्याने विचारलं तर सांगा, इतकंच तिला सांगितलं. बोलणं चालू असताना मुलाने पिशवीतून घरचं पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठावरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"आई, इथे काय लिहिलंय?"

"जेसीबी."

त्याने मान डोलावली, पान उलटलं आणि शेजारी बसलेल्या आजीला म्हणाला, "बघ, माती खायलंय."