रुग्णालयात डिझेल जनरेटरऐवजी हायड्रोजन फ्युएल सेल चालेल का?
चालेल (फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन न जाळता त्यापासून थेट वीज तयार करणारं यंत्र), पण सोबत बॅटरीवरचा यूपीएस लागेलच. पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन, कमी तापमानाला चालणारा) प्रकारचा सेल घ्या. तो चालू व्हायला काही सेकंद ते मिनिटभर लागतं, आणि व्हेंटिलेटरला तेवढा खंडही परवडत नाही. (सॉलिड ऑक्साइड हा दुसऱ्या प्रकारचा सेल सहाशे-आठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो. थंड पडलेला असेल तर ऐनवेळी कुचकामी.) खरी अडचण साठवणुकीची आहे. १ किलो हायड्रोजनमधून साधारण १६ युनिट वीज मिळते. ५०० किलोवॉटचा भार २४ तास चालवायचा तर १२,००० युनिट, म्हणजे ७५० किलो हायड्रोजन, तोही उच्च दाबाच्या टाक्यांत, उघड्या हवेशीर जागी. डिझेल याच कामाला तीन-साडेतीन हजार लिटर पुरतं. फक्त आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरपुरता भार धरलात, तर मात्र हिशेब बराच आवाक्यात येतो.